विठोबा थांबतो, दुखणे थांबत नाही

पंढरीचा देव विटेवर कोणामुळे उभा राहिला, हे आपल्या घरातले पाच वर्षांचे पोरसुद्धा सांगेल. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारात आले. पुंडलिकाने हातातले काम टाकले नाही. वीट पुढे सारली आणि म्हणाला, जरा थांबा. देव थांबले, ते अजून थांबलेलेच आहेत. ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली याची गणतीच नाही. डोळ्यांत पाणी येते, टाळी वाजते, आणि आपण घरी जातो. पण पुंडलिक त्या वेळी नेमके काय करीत होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो पोथी वाचीत नव्हता, माळ ओढीत नव्हता. म्हाताऱ्या जीवांचे पाय चेपणे, पाणी तापवून देणे, अंथरूण झटकणे, वेळेवर चार घास भरवणे, असे त्याचे काम चालले होते. म्हणजे आपल्या संप्रदायाच्या उंबरठ्यावरच शुश्रूषा बसलेली आहे.

यातून आम्ही एकच गोष्ट सांगू इच्छितो, आणि आजचे सारे निरूपण तेवढ्यासाठीच आहे. घरात कोणी आजारी पडले, तर त्याची सेवा होईपर्यंत देव थांबतो. त्याला थांबण्याची सवय आहे. परंतु दुखणे कोणासाठी थांबत नाही. नवस फेडू, सप्ताह उरकू, अमुक बाबांचा अंगारा लावून पाहू, आठ दिवस काढा देऊन बघू, आणि मग डॉक्टरकडे जाऊ, या ‘मग’ मध्येच पुष्कळ घरांचे दिवे विझले आहेत.

ही गोष्ट पनवेलच्या मंडळींपुढे विशेष सांगण्याजोगी आहे. पनवेल हे औषधांचे गाव. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथे आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. ‘श्री धूतपापेश्वर’ हे त्याचे नाव महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचले; आसवे, अरिष्टे, भस्मे, गुटिका यांच्या बाटल्या-डब्यांवर पनवेलचे नाव कित्येकांनी प्रथम वाचले. धूतपापेश्वर या नावाचे शंकराचे देवस्थान राजापूरजवळ धोपेश्वर येथे आहे. आणि आजचे पनवेल पाहा. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली, उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठमोठी इस्पितळे आहेत. आजीच्या फडताळात हिरडा आणि सुंठ, नातवाच्या कपाटात रक्तदाबाची गोळी, आणि देव्हाऱ्यात अंगाऱ्याची पुडी, असे एकाच घरात तिन्ही नांदते. तिन्ही नांदावे, आमची ना नाही. प्रश्न इतकाच की कोणाची जागा कोणती?

दिंडीकडे पाहा म्हणजे उत्तर सापडेल. वीणेकरी वीणा सांभाळतो, मृदंगी मृदंग, टाळकरी टाळ. पुढे पताका, डोक्यावर तुळस. कोणी कोणास हलका समजत नाही. पण पताकावाल्याने मृदंग गळ्यात घातला तर भजनाचे काय होईल? औषधपाण्याचेही तसेच आहे. घरचे पथ्य, वैद्याची मात्रा, डॉक्टरची सुई, देवाचे नाम, सगळ्यांस जागा आहे. जागा चुकली की घात.

प्रथम घरचे पाहू. माळ घातली की मद्य-मांस सुटले, पहाटे उठणे आले, स्नान आले, चालणे आले. आळंदीहून पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. ती वाट पायी चालायची तर वर्षभर पाय हलते ठेवावे लागतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागरण सारे बेताचे असावे असा उपदेश आहे, आणि ज्ञानोबारायांनी तो आपल्या मराठीत उलगडून सांगितला आहे. वाग्भटासारखे आयुर्वेदाचे आचार्यही आधी दिनचर्या आणि ऋतुचर्या सांगतात, औषध पुढे. आजचे डॉक्टर मधुमेह आणि रक्तदाब यांवर तेच बोलतात: मीठ कमी, चालणे रोज, वजन बेताचे, तंबाखू बंद. तंबाखूचे नाव मुद्दाम घेतले. गळ्यात माळ आणि गालात तंबाखूचा बार, हे दृश्य फडाफडांतून दिसते. मद्य सोडले म्हणून तंबाखूची सूट मिळत नाही. तोंडाचा कर्करोग गळ्यातली माळ पाहून मागे फिरत नाही.

एकादशीचेही तेच. पोटाला विसावा म्हणून लंघन, आणि मोकळ्या वेळात नाम, अशी ही सोय. आपण तिचे काय केले? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही परक्यांनी आपल्यावर रचलेली नाही. यात एक धोका आहे तो ऐका. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन पोटात अन्न नसताना घेतले तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. अशा वेळी तो शुद्धीत असेल तर ताबडतोब साखर किंवा गूळ द्यावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता इस्पितळ गाठावे. म्हणून मधुमेह्याने उपवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि ‘उपास आहे, आज गोळी नको’ असे म्हणणारे जे आहेत, त्यांना आमचे सांगणे आहे की औषधाने एकादशी मोडत नाही. औषध हे अन्न नव्हे, चैनही नव्हे.

सर्दी-खोकला झाला तर गवती चहा, आले, तुळस यांचा काढा द्यावा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, खोकल्याला मधाचे चाटण द्यावे. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपल्या पायांनी जाते. काढ्याने घशाला बरे वाटते, आणि त्यासाठी दुकानातून आपल्या मनाने प्रतिजैविकाच्या गोळ्या आणण्याचे कारण उरत नाही. पण मध एक वर्षाच्या आतील बाळाला अजिबात देऊ नये. त्यातील काही जंतूंचे बीज तान्ह्या आतड्यात रुजते आणि विष तयार होऊन बाळ लुळे पडू शकते. आता आज्या विचारतील, मग आमची बाळगुटी? माय, सहाणेवर उगाळण्यातली तुमची माया खरी. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असे आज जगभरचे बालवैद्य सांगतात. जायफळाचे चार वळसे जास्त गेले तर बाळ शांत झोपले असे वाटते. वस्तुतः ते गुंगीत असते. तेलाने अंग चोळा, बाळाला सुख होते. नाका-कानांत मात्र तेल घालू नका. नाकातले तेल फुफ्फुसात उतरते.

आता एक दृष्टांत घ्या. गाव कोणतेही धरा. पनवेलच्या आसपासचे, गाढी नदीच्या काठचे. पावसाळ्याचे दिवस. दोन वर्षांच्या नातवाला जुलाब लागले. सून घाबरली.

‘आई, पोर सकाळपासून सात वेळा फिरलंय हो.’

‘मग पाणी नको पाजूस. जितकं पाजशील तितकं वाहील. पोट कोरडं राहू दे. संध्याकाळी दृष्ट काढू.’

सासू दुष्ट नाही. तिचा जीव नातवात अडकलेला आहे. तिला जे शिकवले गेले ते ती सांगते. तेवढ्यात शेजारची आशाताई येते. ती म्हणते, ‘काकू, मडक्याला भोक पडलं तर भोक बुजेस्तोवर आपण वरून पाणी ओतत राहतो, की मडकं रिकामं होऊ देतो? तुमची दृष्ट काढा, मी अडवत नाही. पण एका हाताने दृष्ट काढा आणि दुसऱ्या हाताने वाटीचमचा धरा.’ सासू क्षणभर बघत राहते. मग स्वतःच चुलीवर पाणी ठेवते.

पाणी कसे करायचे ते सर्वांनी ध्यानात ठेवावे. दवाखान्यात किंवा अंगणवाडीत क्षारसंजीवनीची पुडी मिळते. पुडीवर लिहिले असेल तितक्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती विरघळवावी. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. माप चुकवू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. चमच्याचमच्याने, पुन्हा पुन्हा द्यावे. बाळ अंगावर पीत असेल तर दूध तोडू नये. पेज, मऊ भात चालू ठेवावा. जस्ताच्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्या मापाने १४ दिवस द्याव्यात. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल मलूल पडले, शौचात रक्त दिसले, किंवा प्यालेले सगळे उलटून पडू लागले, तर घरचे सोडून तत्काळ इस्पितळ गाठावे. वाटेतही पाजत राहावे.

या साध्या पाण्याचा पराक्रम मोठा आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून बंगालात आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, परिचारिका पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा मापाने पाण्यात मिसळून ते रोग्यांच्या नातलगांच्याच हाती दिले आणि सांगितले, पाजत राहा. शंभरांत तीसच्या घरात जे मृत्यू होत होते ते चारांच्याही खाली आले. औषध कोणी पाजले? आईने, बहिणीने, मुलाने. पुंडलिकाचे काम ते हेच. डॉक्टरांनी योजना सांगितली आणि घरच्या हातांनी ती पार पाडली. विद्या आणि माया दोन्ही एकत्र आल्या. महालनोबीस २०२२ साली निवर्तले; पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. वारीच्या वाटेवर पटकीने किती दिंड्या रडवल्या, हे ज्यांच्या घरी जुन्या लोकांनी सांगितले असेल त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता कोणी म्हणेल, महाराज, झाडपाल्याचे औषध तर निरुपद्रवी. गुण आला तर आला, अपाय तर नाही ना? येथेच मोठी गफलत होते. सर्पगंधेची मुळी आपले वैद्य पिढ्यान् पिढ्या वापरीत आले. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावर तिचा गुण लिहून प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी तिच्यासंबंधीचा आपला अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातील मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले. आपल्या जुन्या विद्येचा हा केवढा गौरव! पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. तेच द्रव्य काही रोग्यांना खोल उदासीनता आणते असे दिसून आले, आणि पुढे त्याहून निर्धोक औषधे निघाल्यावर त्याचा वापर मागे पडला. ज्या मुळीत रक्तदाब उतरवण्याचे बळ आहे तिच्यात अपाय करण्याचेही बळ असणारच. बळ आहे म्हणूनच माप लागते, आणि माप जाणणारा वैद्य लागतो.

कायदाही हे ओळखतो. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. ज्यांत विषारी द्रव्ये आहेत अशी आयुर्वेदीय औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना त्यांवर छापावी लागते. १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग हमखास बरे करतो अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. म्हणून जत्रेत, बसस्थानकावर, किंवा अलीकडे मोबाइलवर कोणी सांगू लागला की अमुक पुडीने मधुमेह मुळासकट जातो, तर समजावे की येथे कायदाही मोडला जात आहे आणि आपला खिसाही. नाव-गाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. चार दिवस गुडघे उड्या मारतात, आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. वैद्याचे घ्या, परंतु शिकलेल्या, नोंदणी झालेल्या वैद्याचे घ्या. डॉक्टरांकडे जाल तेव्हा काढा, चूर्ण, भस्म जे काही चालू असेल ते न लाजता सांगा. आणि वैद्याकडे गेल्यावर डॉक्टरांच्या गोळ्या दाखवा. दोन औषधांचे पोटात भांडण लागू नये, एवढ्यासाठी.

काविळीचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या कोकणात कावीळ उतरवणारे गावोगाव आहेत. हात चुन्याच्या निवळीत धुतात, पाणी पिवळे होते, आणि लोक म्हणतात, बघा, कावीळ उतरली! अहो, आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून तो चुन्याच्या निवळीत धुतला की निरोग्याच्या हाताचेही पाणी पिवळे होते. मग गुण येतो तो कसा? दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची विश्रांती आणि हलक्या जेवणाने काही आठवड्यांत आपोआप ओसरते. देहाने काम केले आणि श्रेय उतरवणाऱ्याने नेले. पण सर्व काविळी एक नव्हेत. एक रक्तातून आणि दूषित सुईतून येते आणि वर्षानुवर्षे यकृत पोखरते; तिची लस बाळाला जन्मताच देतात. एक पित्ताची वाट खड्याने किंवा गाठीने अडल्यामुळे होते. गरोदर बाईला पाण्यातून आलेल्या काविळीचा एक प्रकार प्राणघातक ठरू शकतो. नाकात झोंबणारे थेंब घालून यांतली कोणतीच बरी होत नाही. म्हणून डोळे पिवळे दिसले की रक्ताची तपासणी आधी. रोगी गुंगीत गेला, बरळू लागला, रक्त पडू लागले, तर क्षणाचाही विलंब नको. आणि काविळीत उसाचा रस चांगला म्हणून रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस पाजू नका. त्या बर्फाचे पाणी कोठले, हे कोणास ठाऊक?

विंचू आणि सर्प यांच्या बाबतीत तर उतरवण्याचे नावही नको. आपल्याच रायगड जिल्ह्यातील गोष्ट आहे. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीस आले. कोकणच्या लाल विंचवाने धडधाकट माणसे मरत होती आणि मांत्रिकाकडे रात्र जात होती. डॉक्टरांनी रोग्याच्या उशाशी बसून, रात्र रात्र जागून, तासातासाला नाडी व रक्तदाब लिहून ठेवला. रक्तदाबावरच्या प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. गंभीर दंशाने शंभरांत तीस-चाळीस जेथे दगावत होते तेथे पुढे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात रोग्याच्या उशाशी जागलेल्या त्या रात्री आम्ही जागराहून कमी मानीत नाही. सर्पदंशाला सर्पविषावरची लस हाच उपाय. चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, दंश झालेला भाग हलवू न देता इस्पितळ गाठा. कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. तेथे हळद, चुना, मिरची काही भरू नका. पिसाळ एकदा अंगात उघड झाली की माणूस हाती लागत नाही.

काही मंडळी म्हणतात, आजार हे पूर्वकर्माचे फळ, भोगून संपवावे. ज्यांनी हे म्हणावे त्यांनी आधी आपल्या दातदुखीवर लवंगेचे तेल लावणे बंद करावे! पनवेलजवळ नेरे येथे शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने कुष्ठरोग्यांची सेवा चालवली. ज्या रोग्यांना लोक पापी म्हणून गावाबाहेर काढीत, त्यांचा रोग जंतूंनी होतो आणि सहा ते बारा महिन्यांच्या मोफत औषधाने बरा होतो. १९८० च्या दशकापासून ही औषधयोजना उपलब्ध आहे. मग पाप कोणाचे? रोग्याचे, की त्याला हाकलणाऱ्याचे? गाडगेबाबांनी हा प्रश्न कीर्तनातून उघड विचारला. देवापुढे बोकड कापू नका, ते पैसे पोराच्या शिक्षणाला आणि औषधाला लावा, असे ते खराट्यासह गावोगाव सांगत फिरले. त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या यात्रेकरूंसाठी, तशाच मुंबईत इस्पितळात आलेल्या गोरगरिबांसाठीही. १९५६ साली बाबा गेले, पण धर्म कोठे करावा हे दाखवून गेले. आणि नवसाच्या बाजारावर तुकोबारायांनी किती रोखठोक प्रश्न केला आहे, तो गाथा वाचणाऱ्यांस आम्ही काय सांगावा?

आता माय-माउलींविषयी दोन शब्द, आणि हे पुरुष मंडळींनी नीट ऐकावे. घरात सर्वांचे दुखणे काढणारी जी बाई, तिचे दुखणे कोण काढते? २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. जिना चढताना धाप लागते, डोके गरगरते, आणि ती म्हणते, ‘काही नाही, जरा दमले.’ येथे घरचे आणि दवाखान्याचे दोन्ही उपाय हातात हात घालून चालतात. नाचणी, माठ, शेवग्याचा पाला, मोड आलेली कडधान्ये जेवणात असावीत, वर लिंबू पिळावे, लोखंडी कढई वापरावी, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. पण रक्त फारच उतरले असेल तर पाल्याने भागत नाही. लोहाच्या गोळ्या पूर्ण मुदत घ्याव्या लागतात, आणि रक्त कशाने जाते याची तपासणी करावी लागते. सर्वांना वाढून उरलेले खाणाऱ्या माउलीला आधी पानावर बसवा. जनाबाईचे दळण देवाने दळले असे आपण गातो. घरातल्या जनीचे जाते निदान एक दिवस तरी आपण ओढावे.

मग नामाचे काम काय? नामाला आम्ही औषधाच्या रांगेत बसवत नाही. ते त्याहून निराळे आहे. सहा महिने क्षयाच्या गोळ्या न चुकता घ्यायच्या, तर धीर लागतो. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागले की गोळ्या सोडाव्याशा वाटतात, आणि अर्धवट सोडल्या की रोग अधिक हट्टी होऊन परततो. तो नेम नामाने येतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोप येत नाही, तेव्हा उशाशी हरिपाठ म्हणणारे कोणी असले की रात्र सरते. आणि काही दुखणी बरी होत नाहीत, हेही खरे आहे. जेथे डॉक्टर हात जोडतात तेथे वेदना कमी करण्याचे उपचार असतात, आणि जवळ बसून हात हातात घेणे असते. तेथे नाम शेवटपर्यंत सोबत करते. पण जो बरा होऊ शकतो त्याचे औषध थांबवून त्याच्या कानात नाम सांगणे, ही भक्ती नव्हे. तो नामाचाही अपमान आहे.

तात्पर्य, प्रत्येक वारकऱ्याने घरात इतका नेम करावा. पिण्याचे पाणी उकळून प्यावे. क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवाव्यात. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पोराबाळांना पाठ करवावा. १०८ मण्यांची माळ ज्यांच्या हाती आहे त्यांना तो विसरण्याचे कारण नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. वारीला निघण्याआधी तर अवश्य. चालू औषधे वारीच्या पिशवीत सर्वांत वर ठेवावीत, चिठ्ठीसह. आणि लहान मुलाचा श्वास जोरात चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला, ताप तीन दिवसांवर गेला, किंवा मोठ्या माणसाची छाती एकाएकी दाटली, तोंड वाकडे झाले, तर घरात सल्लामसलत करीत बसू नये.

त्या दिवशी एकादशी असेल, सप्ताहाची काल्याची वेळ असेल, वीणा तुमच्या गळ्यात असेल. वीणा शेजाऱ्याच्या गळ्यात द्या आणि रोग्याला घेऊन निघा. देवाला काय वाटेल, ही चिंता नको. विटेवर जो उभा आहे तो याच कामासाठी थांबलेला आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!